पत्रा स्वतःच नट होतो

मंडळी, तुमच्या हातून हातात जे दोन स्क्रू फिरताहेत, ते काल मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवरून आणले. नखाने आटे चाचपून बघा. एक एम-४, म्हणजे ४ मिलिमीटरचा मशीन स्क्रू, तयार आट्यांत किंवा नटात बसणारा. दुसरा ८ नंबरचा सेल्फ-टॅपिंग, म्हणजे भोकात आपले आटे स्वतःच पाडणारा, ४.२ मिलिमीटरचा. जाडी जवळपास सारखीच, पण पहिल्याचे आटे दर ०.७ मिलिमीटरवर आणि दुसऱ्याचे दर १.४ वर आहेत. दुप्पट विरळ.

असं का, ते १ मिलिमीटरच्या पत्र्यात कळतं. एम-४ला तिथे जेमतेम दीड आटा मिळतो आणि जरा जोर लावला की तो झडतो. दुसऱ्याच्या दोन आट्यांमधल्या फटीत मात्र अख्खी पत्र्याची जाडी मावते. भोकाची कड आट्याबरोबर किंचित वळते, त्या फटीत चढते आणि घट्ट धरते. नट वेगळा लागतच नाही, पत्राच नट होतो. त्यासाठी स्क्रू पत्र्यापेक्षा कडक हवा, म्हणून त्याचं पोलाद वरून कडक करतात आणि आतून चिवट ठेवतात. आरपार कडक केला तर पिळताना मोडेल.

म्हणूनच माझा सगळा आग्रह भोकाच्या मापावर असतो. १ मिलिमीटरच्या पत्र्यात ८ नंबरसाठी साधारण ३.२ मिलिमीटरचं भोक पाडा. लहान पाडलं तर स्क्रूची मान तुटते, मोठं झालं तर आटे धरतच नाहीत. खिळ्याने भोक ठोकून वर स्क्रू पिळणारे कारागीर मी रोज बघतो आणि दरवेळी जीव तुटतो. ते काम दोन पावसाळेही काढत नाही.

सेल्फ-टॅपिंगमध्येच टोकाला खाच असलेला एक प्रकार असतो, तो माल कापून आटे पाडतो. बेकलाइट या कडक प्लॅस्टिकसारख्या ठिसूळ मालात तोच वापरावा, कारण नुसता दाबून आटे पाडणारा स्क्रू तिथे तडा पाडतो. मात्र खाचेच्या स्क्रूने निघालेला धातूचा कीस विजेच्या पॅनेलमध्ये पडता कामा नये.

सेल्फ-ड्रिलिंगच्या टोकाला चक्क ड्रिलचं पातं असतं. भोक पाडून झाल्याशिवाय त्याचे आटे लोखंडाला भिडता कामा नयेत. जितकी एकूण जाडी भेदायची, त्याहून पातं लांब हवं. नाहीतर वरचा पत्रा उचलला जातो. मशीन फार जोरात फिरवलं तर टोक जळतं आणि मग कितीही दाबा, स्क्रू पुढे सरकत नाही.

गच्चीवरच्या पत्र्यांबद्दल आज मुद्दाम बोलायचं आहे. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेलं, तेव्हा पत्रा उडणं म्हणजे काय ते आपण पाहिलं. छपरावर स्क्रू पन्हळीच्या उंचवट्यावर मारा, खोलगट भागात पाणी वाहतं. खालचा रबरी वॉशर किंचित दबला की थांबा. तो बाहेर फुगेपर्यंत आवळला तर चिरतो आणि गळती तिथूनच सुरू होते. समुद्राच्या हवेत साधं जस्ताचा मुलामा दिलेलं लोखंड लवकर गंजतं, पण नेहमीचं ३०४ दर्जाचं स्टेनलेस लोखंडात भोक पाडण्याइतकं कडक नसतं. त्यासाठी कार्बन पोलादी टोकाचे स्टेनलेस स्क्रू मिळतात, थोडे महाग पडतात.

एसीचं बाहेरचं युनिट भिंतीवर लावताना सेल्फ-टॅपिंग नको, अँकर फास्टनरच, म्हणजे भिंतीच्या भोकात फुगून घट्ट बसणारा बोल्टच हवा. जिथे सतत हादरे बसतात तिथे नट-बोल्ट. जे झाकण वरचेवर उघडावं लागतं, तिथे मशीन स्क्रू.

मघाशी एका ताईंनी विचारलं, मिक्सरच्या तळाचे स्क्रू उघडून परत लावले की ढिले का पडतात? प्रत्येक वेळी स्क्रू नवे आटे पाडतो आणि प्लॅस्टिकची भिंत झिजत जाते, म्हणून. स्क्रू भोकात ठेवा, आधी उलटा, डावीकडे, हलक्या हाताने फिरवा. एका जागी तो टक् करून किंचित खाली बसेल. तिथे जुना आटा सुरू होतो. आता उजवीकडे फिरवा. बोटांनीच बराचसा आत गेला, तर जुनी वाट सापडली असं समजा. अडला, तर काढून पुन्हा उलटा फिरवा.