बाळाचा डोस

श्रोतेहो, नमस्कार.

दीड वर्षाचं मूल सारखं तापानं फणफणतंय, लघवीत जंतू सापडलेत आणि बालरोगतज्ज्ञांनी चिठ्ठीवर लिहिलंय: डीएमएसए स्कॅन, म्हणजे मूत्रपिंडांचं चित्र काढायची तपासणी. आई-बाबा आमच्या विभागाशी येतात, दारावरचं किरणोत्साराचं चिन्ह बघतात आणि बाळाला घट्ट धरतात. न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये, म्हणजे किरणोत्सारी औषधं टोचून तपासणी करणाऱ्या विभागात, काम करताना हे मी रोज पाहते. पाठोपाठ दबक्या आवाजात विनंती येते, "मॅडम, जरा कमीच द्या हं."

त्या विनंतीविषयीच आज बोलायचंय.

डीएमएसए हे औषध मूत्रपिंडाच्या पेशींत जाऊन बसतं. त्याला टेक्नेशियम हा किरणोत्सारी पदार्थ जोडलेला असतो, त्यातून गॅमा किरण बाहेर पडतात आणि कॅमेरा ते टिपतो. जंतुसंसर्गानं जिथे व्रण पडलाय तिथे औषध पोचत नाही, म्हणून चित्रात खाच दिसते. ती खाच कधीकधी तांदळाच्या दाण्याएवढी असते, आणि तीच शोधायची असते.

डोस आम्ही मेगाबेक्वेरलमध्ये मोजतो, म्हणजे औषधात किरणोत्साराची ताकद किती आहे त्याच्या मापात. या स्कॅनसाठी उत्तर अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी ठरवलेलं प्रमाण दर किलोला १.८५. म्हणजे पंधरा किलोच्या मुलाला साधारण २८. सात किलोच्या बाळाला हिशेबानं १३ यायला हवेत, पण त्यालाही १८.५ द्यायचे, कारण त्याखाली जायचं नाही असं त्याच नियमात आहे.

का, ते मी नोकरीच्या सुरुवातीला शिकले. एक अगदी किरकोळ बाळ होतं. मला दया आली, डोस आणखी खाली आणला. कॅमेऱ्याखाली बाळ पंधरा मिनिटं कसंबसं झोपलं, मग चुळबुळायला लागलं. चित्र आलं ते नुसते ठिपके. व्रण आहे की नाही, कुणालाच सांगता येईना. काही दिवसांनी त्याला पुन्हा सुई टोचावी लागली. पहिल्या वेळचे सगळे किरण त्या जिवानं फुकट सोसले होते. ते माझ्या हातून झालं, आणि अजूनही लहान बाळ समोर आलं की ते ठिपके आठवतात.

वर्षाच्या बाळाला १८.५ दिले तर शरीराला पोचणारा किरणोत्सार १ मिलिसिव्हर्टच्या आत राहतो; शरीरानं सोसलेला किरणोत्सार या मापात मोजतात. माती, हवा, आकाश यांतून जगातल्या माणसाला वर्षाकाठी सरासरी २.४ मिळतोच. तरीही मुलांच्या बाबतीत आम्ही जास्त जपतो, कारण त्यांच्या पेशी झपाट्यानं वाढत असतात आणि पुढे सगळं आयुष्य पडलेलं असतं.

हा हिशेब फार जुना नाही बरं का. २००८ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या तेरा बालरुग्णालयांची पाहणी प्रसिद्ध झाली. एकाच तपासणीसाठी दर किलोच्या डोसात सरासरी तिपटीचा फरक निघाला, आणि कमीत कमी डोस किती यात तर एका तपासणीत वीसपटीपर्यंत! एवढी मोठी रुग्णालयं, आणि प्रत्येकाची रीत वेगळी. त्यातून २०१० मध्ये एकमतानं प्रमाणं ठरली आणि २०१६ मध्ये ती युरोपच्या तक्त्याशी जुळवून घेतली. आपल्या मुंबईत तर परळचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून आहे. हे शास्त्र आपल्याला नवखं नाही.

पण तक्ता कितीही चांगला असला तरी सगळी भिस्त वजनावर. "दहा किलो आहे," आई सांगते. काट्यावर ठेवलं, स्वेटर आणि ओलं डायपर काढलं, की भरतं आठ किलो सहाशे ग्रॅम. मग घड्याळ. टेक्नेशियमची ताकद सहा तासांत निम्मी होते, त्यामुळे सकाळी नऊला मोजलेले १८.५ बाराला १३ च उरतात. म्हणून सिरिंज टोचण्याच्या अगदी आधी मोजायची, आणि टोचल्यावर रिकामी सिरिंज पुन्हा मोजायची. आत थेंबभर राहिलं असेल तर बाळाला तेवढं कमीच गेलेलं असतं.

इंजेक्शननंतर दोन-तीन तास थांबावं लागतं. तेवढ्या वेळात बाळाला भरपूर दूध-पाणी पाजा, डायपर वरचेवर बदला आणि बदलल्यावर हात साबणानं धुवा. आधी कुठे असाच स्कॅन झाला असेल तर त्याचे कागद आणा. आणि 'जरा कमी द्या' म्हणण्याऐवजी विचारा, "वजन किती धरलंत? त्यावर डोस किती आला?" उत्तर द्यायला आम्ही बांधील आहोत.

नमस्कार.