आधी खांदा, मग अक्षर

(दृश्य : ठाणे, घोडबंदर रोडवरच्या एका इमारतीतली ऑक्युपेशनल थेरपीची खोली, म्हणजे मुलाला रोजची कामं स्वतःच्या हाताने जमावीत म्हणून उपचार होतात ती. छताला टांगलेला चौकोनी झोका.)

पाच वर्षांचा हा मुलगा झोक्यावर पालथा पडलाय. खाली कपड्यांचे चिमटे पसरलेत. झोका पुढे गेला की एक उचलायचा आणि डब्याच्या काठाला लावायचा. बाहेर बाकावर त्याची आजी बसली आहे. तिचा प्रश्न ठरलेला : "नुसतं झुलवतायत. लिहायला कधी लागणार हा?"

प्रश्न रास्त आहे. सीनियर केजीतल्या मुलाला पेन्सिल धरता येत नसेल तर डायरीत शाळेचे शेरे येतातच. पण पेन्सिल धरणाऱ्या बोटांना आधार लागतो मनगटाचा, मनगटाला खांद्याचा आणि खांद्याला पाठीपोटाच्या स्नायूंचा. तेच ढिले असतील तर मूल वहीवर आडवं होतं, हातावर डोकं टेकतं, दोन ओळींत दमतं. आपण त्याला आळशी म्हणून मोकळे होतो. आता झोक्यावर बघा : मान आणि छाती उचलून धरताना नेमके हेच स्नायू राबतायत. चिमटा दाबताना अंगठा आणि तर्जनी. लिहिण्याची तयारी सुरू झालेली आहे, वही तेवढी अजून उघडलेली नाही.

झोका आणखी एक काम करतो. तोल सांभाळणारी यंत्रणा कानाच्या आत असते, तिला तो चालना देतो. डोळे, कान, त्वचा, सांधे यांच्याकडून येणाऱ्या संवेदनांची मेंदू सांगड कशी घालतो, याचा सिद्धांत अमेरिकेतल्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट जीन एअर्स यांनी मांडला. मात्र झोक्याने ऑटिझम बरा होतो, असं कुणी सांगू लागलं तर तिथून सरळ उठावं.

मुंबईला ऑक्युपेशनल थेरपी नवी नाही. परळच्या केईएम रुग्णालयात कमला निंबकर यांनी 1950 साली तिचं शिक्षण सुरू केलं. आज पलीकडे वाशीत नवी मुंबई महापालिकेचं ईटीसी, म्हणजे शिक्षण-प्रशिक्षण केंद्र दिव्यांग मुलांसाठी काम करतं. खासगी सेशनचा खर्च सगळ्यांना झेपत नाही, म्हणून अशा केंद्रांचं मोल जास्त.

(दृश्य : स्वयंपाकघर. आजी आणि नातू.)

सेशन संपतं, पण मुलाचा बाकीचा दिवस घरातच जातो. म्हणून थेरपिस्ट ताईंनी आजीला कामं वाटून दिली आहेत : मटार सोलायला घ्या, कणकेचे गोळे करू द्या, ओला रुमाल पिळू द्या. शर्टाची बटणं मात्र उलट्या क्रमाने शिकवायची. सगळी बटणं आजीने लावायची, शेवटचं फक्त त्याने. ते जमलं की शेवटची दोन त्याची, मग तीन. दर वेळी काम पुरं होतं ते त्याच्याच हातून, त्यामुळे मूल चिडत नाही, उद्याही तयार होतं.

"पण शाळेच्या रिक्षाची वेळ झालेली असताना नको हं आजी," ताई बजावतात. "रविवारी करा. सावकाश."