अमेरिकेचा प्लांट आणि आपला भागधारक
(अमळनेर येथील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

राम राम मंडळी.

अमळनेरात शेअरबद्दल बोलायचं म्हटलं की विप्रो आधी आठवते. १९४५ साली इथे वनस्पती तुपाचा कारखाना निघाला. ज्या घरांनी त्या कंपनीचे शेअर न विकता सांभाळले, त्यांच्या गोष्टी आपण सगळेच ऐकत आलो. त्यामुळे ‘धरून ठेवा’ हा सल्ला इथे लगेच पटतो. पण त्यातली एक बाब सांगायची राहून जाते. कंपनी संगणकाकडे वळली तेव्हा तेल-साबणाचा धंदा चालू होता आणि कंपनीचा घरखर्च भागवत होता.

ज्या छोट्या औषध कंपनीवरून तुमच्यात दोन तट पडले आहेत, तिचं नाव मी इथे घेत नाही. ती सरकारी निविदांना गोळ्या आणि सिरप पुरवते, शिवाय मोठ्या कंपन्यांना त्यांच्या नावाने माल बनवून देते. आता व्यवस्थापन म्हणतं, अमेरिकेसाठी इंजेक्शनचा प्लांट उभारायचा आणि त्यासाठी निवडक गुंतवणूकदारांनाच नवे शेअर द्यायचे, म्हणजे प्रेफरेन्शियल वाटप करायचं.

एक गट म्हणतो, निविदेत राम उरलेला नाही, म्हणून अमेरिकेला जा. ज्याचा दर सर्वांत कमी त्याला ऑर्डर, आणि बिल कधी निघेल याचा भरवसा नाही. निविदांबद्दलचं त्यांचं म्हणणं मला मान्य आहे. ताळेबंदातली येणी बघा. विक्री वाढते, नफा दिसतो आणि रोकड मात्र येत नाही, अशी वर्षं या धंद्यात नेहमीची.

पण त्यावर अमेरिका हा उपाय आहे का? केळीचं खोड लावलं की अकरा-बारा महिन्यांत घड उतरतो. इथे इमारत आणि यंत्रं झाल्यावर चाचणीच्या बॅचेस काढायच्या, त्या औषधाचा टिकाऊपणा सहा महिने तपासायचा, मग अमेरिकेच्या औषध नियामकाकडे, म्हणजे एफडीएकडे, अर्ज करायचा. एका जेनेरिक औषधाच्या, म्हणजे मूळ औषधाच्याच स्वस्त प्रतीच्या, अर्जाची फीच अडीच लाख डॉलरांच्या वर गेली आहे. छाननीचं उद्दिष्ट दहा महिन्यांचं असतं. त्रुटी निघाल्या की पुन्हा फेरा. मधेच एफडीएचे तपासनीस येतात. निर्जंतुक इंजेक्शनच्या प्लांटची तपासणी सर्वांत कडक. त्यांनी आक्षेपांचा फॉर्म ४८३ हातात ठेवला की पंधरा कामकाजाच्या दिवसांत उत्तर अपेक्षित असतं. उत्तर पटलं नाही तर वॉर्निंग लेटर येतं, आणि ते जगजाहीर होतं. रॅनबॅक्सीच्या अमेरिकी कंपनीने २०१३ मध्ये गुन्हा कबूल केला आणि प्रकरण ५० कोटी डॉलरांत मिटलं. एवढा घाव मोठ्या घराला बसला; छोटी कंपनी त्यातून उठणार नाही. परवानगी मिळाली तरी तिथली बहुतेक खरेदी मोजक्या बड्या खरेदीदारांच्या हातात आहे. ते दर पाडून मागतात. म्हणजे दराची ओढाताण इथून सुटून तिथे पुन्हा गाठते.

दुसरा गट म्हणतो, आहे तेच चालू द्या, लाभांश वाटा. हेही मला पटत नाही. सुधारित शेड्युल एम, म्हणजे औषध कारखान्यांनी पाळायचे दर्जाचे सरकारी नियम, आला आहे. २५० कोटींच्या आत उलाढाल असलेल्या कंपन्यांना मुदतवाढ मिळाली, तीही ३१ डिसेंबर २०२५ पर्यंतच होती. हवा, पाणी, कच्च्या मालाची तपासणी, नोंदी, सगळ्यावर पैसा घालावाच लागणार. आणि तो घालायलाच हवा. छिंदवाडा सातपुड्याच्याच पठारावर आहे. २०२५ मध्ये तिथे विषारी कफ सिरप पोटात जाऊन लेकरं गेली. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल निघालं. हे रसायन औषधात येऊ नये म्हणून काय तपासायचं, ते कित्येक वर्षांपासून माहीत आहे. ज्या कंपनीत आपला पैसा आहे तिची प्रयोगशाळा कशी चालते, हे विचारणं भागधारकाचं कामच आहे. ‘ते डॉक्टर लोक बघतील’ असं म्हणून चालणार नाही.

माझं मत स्पष्ट सांगतो. आधी जुना प्लांट नियमांत बसवा. कॉन्ट्रॅक्टवर माल बनवण्याचं काम वाढवा, कारण मोठी कंपनी काम देण्याआधी स्वतः येऊन प्लांट तपासते, आणि त्या तपासणीतून आपली माणसं शिकतात. निविदा घ्या, पण येण्यांना मर्यादा ठरवून. अमेरिकेचा विचार त्यानंतर, धंद्यातून आलेल्या रोकडीवर. आज नवे शेअर काढले तर आपला हिस्सा आजच पातळ होणार, आणि फळ दिसलं तरी पाच-सहा वर्षांनी.

म्हणून नवे शेअर काढण्याच्या या ठरावाला मी विरोध करीन. प्रेफरेन्शियल वाटपाला विशेष ठराव लागतो, म्हणजे बाजूची मतं विरोधातल्या मतांच्या किमान तिप्पट हवीत. प्रवर्तकांकडे तेवढी मतं आहेत का, हे शेअरहोल्डिंग पॅटर्नमध्ये, म्हणजे कोणाकडे किती शेअर आहेत त्या तक्त्यात, दिसतं. नसतील, तर तुमच्या शे-दोनशे शेअरांनाही वजन आहे. ई-व्होटिंगची नोटीस ई-मेलवर येते. ती उघडा, मत द्या. सभा ऑनलाइन असेल तर वक्ता म्हणून आधी नाव नोंदवा आणि तीन गोष्टी विचारा: येणी किती दिवसांची आहेत, शेड्युल एमचं काम कुठवर आलं, आणि नव्या प्लांटला उशीर झाला तर त्या वर्षांचा खर्च कोण भरणार.