फळ्यावर नाव कुणाचं?

मुलांनो आणि शिक्षकहो,

इथे बसलेल्यांपैकी काही जण नव्यानं निवडून आलेले वर्गप्रतिनिधी आहेत, काही संघांचे कप्तान आहेत, काहींच्या गळ्यात विज्ञान प्रदर्शनाची जबाबदारी पडली आहे. नेत्याच्या अंगी कोणते गुण हवेत, हे तुम्ही पुष्कळदा ऐकलं असेल. मी आज गुणांबद्दल बोलणार नाही. कामाच्या वाटणीबद्दल बोलणार आहे, कारण शाळेतल्या बहुतेक चांगल्या योजना तिथेच बसकण मारतात.

गटप्रकल्पात काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. वहीवर नावं सहा, राबणारे दोघं. उरलेल्या चौघांवर आपण आळशीपणाचा शिक्का मारून मोकळे होतो. पण तेच चौघं एकेकटे असताना मनापासून काम करतात, हेही तुम्ही पाहिलं असेल. मग गटात शिरल्यावर त्यांना होतं काय?

मॅक्सिमिलियन रिंगेलमान नावाच्या फ्रेंच कृषी अभियंत्यानं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस माणसांना दोर ओढायला लावून त्यांचा जोर मोजला. निष्कर्ष १९१३ साली प्रसिद्ध झाले. माणसं वाढवली की एकूण ओढ वाढायची, पण माणशी जोर घटत जायचा. आठ जणांच्या गटात तो जवळपास निम्म्यावर आला. याचं एक कारण साधं आहे: आठ जणांचा हिसका एकाच क्षणी बसत नाही. ते सरावानं सुधारतं. दुसरं कारण मनातलं आहे. १९७९ साली अमेरिकेत बिब लाताने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना जोरात ओरडायला सांगितलं. डोळे बांधले, कानांना हेडफोन लावले आणि ‘तुमच्याबरोबर आणखी पाच जण ओरडताहेत’ असं सांगितलं. प्रत्यक्षात तो विद्यार्थी एकटाच ओरडत होता. तरीही त्याचा आवाज उतरला. पुढे याच संशोधकांना आढळलं, की आपला आवाज वेगळा मोजला जातो आहे हे कळलं की ही घट नाहीशी होते. म्हणजे मुलगा तोच, घसाही तोच. आपलं काम कुणाला दिसणार आहे की नाही, एवढाच फरक.

म्हणून बैठकीत ‘आपण सगळे मिळून करू’ असं कुणी म्हणालं की तिथेच थांबा. पाण्याच्या चाचण्या कोण करणार? आकडे दुसऱ्यांदा कोण तपासणार? तक्त्यावरचा मजकूर कोण लिहिणार, परीक्षकांशी कोण बोलणार, कोणत्या वारापर्यंत? हे सगळं नावासकट फळ्यावर लिहा. काम असं द्या, की ते पुरं झालं की नाही याबद्दल वाद घालावा लागू नये. ‘सजावट बघ’ हे काम नव्हे. ‘दारावरचा फलक गुरुवारी लावून झालेला हवा’, हे काम.

अर्थात नुसती नावं लिहून संघ होत नाही. सहा जणांनी सहा कोपऱ्यांत बसून सहा कामं उरकली, तर हाती सुटे तुकडेच येतात. एकाचं दुसऱ्यावाचून अडायला हवं. १९७१ साली टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात गोऱ्या, कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांच्या शाळा नुकत्याच एकत्र झाल्या होत्या आणि वर्गात भांडणं धुमसत होती. मानसशास्त्रज्ञ एलियट ॲरनसन यांनी धड्याचे भाग पाडले आणि छोट्या गटातल्या प्रत्येक मुलाला एकेक भाग दिला. आपला भाग त्यानं शिकायचा आणि इतरांना समजावायचा. परीक्षा मात्र सगळ्या धड्यावर. अडखळत बोलणाऱ्या ज्या मुलाला इतर हसायचे, त्याच्याकडून त्यांना नीट काढून घ्यावं लागलं, धीरानं प्रश्न विचारावे लागले. उपदेशानं जे झालं नसतं ते वाटणीच्या पद्धतीनं झालं. मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो.

आता नेत्याकडे वळू. १९३९ साली कुर्ट लेविन, रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट यांनी दहा-अकरा वर्षांच्या मुलांच्या छंदमंडळांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. कुठे हुकूम सोडणारा मोठा माणूस नेता, कुठे चर्चा करून ठरवणारा, कुठे मुलांना पूर्ण मोकळं सोडणारा. हुकूम सोडणारा समोर असताना काम भरपूर व्हायचं, हे मान्य करायला हवं. तो खोलीबाहेर गेला की मात्र ते कोसळायचं. चर्चेनं चालणाऱ्या गटात नेता असला-नसला तरी काम बरंचसं तसंच चालू राहायचं. आणि मोकळं सोडलेल्या गटात फारसं काही झालंच नाही. ‘तुमचं तुम्ही बघा’ म्हणणारा नेता उदार वाटतो खरा, पण तो जबाबदारी टाकून गेलेला असतो. कप्तानांनो, तुम्ही नसलेल्या दिवशी सराव कसा होतो, ते दुसऱ्या दिवशी विचारत जा. तुमच्या कामाचा खरा हिशेब तिथे मिळेल.

शिक्षकांना एवढंच सांगतो. रॉजर हार्ट यांनी १९९२ साली युनिसेफसाठी मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्या खालच्या तीन पायऱ्यांना त्यांनी सहभाग मानलंच नाही: मुलांना वापरून घेणं, शोभेसाठी उभं करणं, नावापुरतं विचारणं. विद्यार्थी मंडळाला बिल्ले दिले आणि निर्णय एकही दिला नाही, तर मंडळ त्या खालच्या पायऱ्यांवरच राहतं. एखादा निर्णय खरोखर त्यांच्यावर सोपवा, मग तो तुमच्या मनाविरुद्ध गेला तरी चालेल.

आता ज्याची तुम्हाला धास्ती वाटते तो प्रश्न. काम मित्राकडे आहे आणि तो करत नाही. सगळ्यांसमोर त्याला बोलू नका. बाजूला घ्या, कुठे अडलं ते विचारा. पुष्कळदा काम समजलेलंच नसतं आणि तसं सांगायची लाज वाटत असते. काम मोठं असेल तर त्याचे दोन भाग करा आणि एक भाग त्याच्याकडे राहू द्या. तरीही झालं नाही, तर त्याला आधी सांगून पुढच्या बैठकीत फळ्यावरचं नाव बदला. पण रात्री जागून ते काम स्वतः गुपचूप उरकू नका. एकदा तसं केलंत, की पुढच्या वेळी सगळा गट तुमच्या जागण्यावर विसंबून राहील.