उदासीला ४ गुण, झोपेला ६

मित्रहो, आमच्या ओपीडीत माणूस येतो, सोबत बायको नाहीतर भाऊ असतो, आणि तक्रार असते, "कशातच मन लागत नाही हो." याचा आकडा कसा काढायचा?

मॅक्स हॅमिल्टन या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञानं १९६० साली नैराश्याची तीव्रता मोजायला १७ मुद्द्यांची मापनश्रेणी प्रसिद्ध केली. रुग्णाशी बोलायचं आणि प्रत्येक मुद्द्याला गुण द्यायचे, काहींना ० ते ४, काहींना ० ते २. गुण जास्त म्हणजे त्रास जास्त. नैराश्यावरच्या औषधांच्या चाचण्यांत ती अजून वापरली जाते. आता तिची घडण बघा. उदास मनःस्थितीला जास्तीत जास्त ४ गुण. झोपेचे मुद्दे मात्र तीन: झोप लवकर न लागणं, मध्येच मोडणं, पहाटे फार लवकर जाग येणं. प्रत्येकी २, म्हणजे ६. एखाद्या गोळीनं नुसती गाढ झोप लागली आणि मन होतं तिथंच राहिलं, तरी ६ गुण उतरू शकतात!

६ गुण म्हणजे किती? औषध आणि प्लासिबो (दिसायला तशीच, पण औषध नसलेली गोळी) यांच्यात ३ गुणांचा फरक पडला तर तो रुग्णाच्या दृष्टीनं अर्थपूर्ण, असं उपचारांबाबत मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनमधल्या 'नाइस' या संस्थेनं २००४ साली धरलं होतं. २००८ साली मानसशास्त्रज्ञ अर्व्हिंग कर्श आणि सहकाऱ्यांनी औषध कंपन्यांनी अमेरिकेच्या नियामकाकडे दिलेल्या चाचण्या एकत्र तपासल्या. सरासरी फरक निघाला १.८. त्यावर गोळ्या कुचकामी आहेत, असा गलका झाला. मला तो पटत नाही. सरासरीत कुणाचं पार ओसरलेलं आणि कुणाचं जराही न हललेलं नैराश्य एकत्र कालवलं जातं. पण अशा श्रेणीवरच्या दोन गुणांसाठी भांडणाऱ्यांनी, मग ते कुठल्याही बाजूचे असोत, आधी मुद्देवार गुण मागावेत. बेरीज मागू नये.

हॅमिल्टन स्वतः सावध होता. निदान आधीच झालेल्या रुग्णांसाठीच ही श्रेणी आहे, असं त्यानं लिहिलं. शिवाय एकाच मुलाखतीत दोघांनी बसून वेगवेगळे गुण द्यावेत, असंही सुचवलं. आपल्याकडे दुसरा माणूस आणायचा कुठून? रात्रपाळी करून आलेला एकच निवासी डॉक्टर पाच मिनिटांत रकाने भरतो.

लक्षणांचं हे असं. व्यक्तिमत्त्व मोजणं याहून अवघड आहे. लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयात हान्स आयझेंक या मानसशास्त्रज्ञानं केलेली प्रश्नावली भावनिक अस्थिरता आणि बहिर्मुखता मोजायची. या गोष्टी माणसात कायमच्या असतात, असं गृहीत होतं. १९६५ साली कॉपेन आणि मेटकाफ यांनी नैराश्याच्या रुग्णांना ती आजारात दिली आणि बरं वाटल्यावर पुन्हा दिली. अस्थिरतेचे गुण उतरले, बहिर्मुखतेचे चढले. माणूस तोच!

प्रश्नावली विचारते, तुम्ही एरवी कसे असता? नैराश्यातल्या माणसाला हे 'एरवी' दिसतच नाही. आपण पहिल्यापासून असेच घाबरट, असेच निकामी, हे त्याला मनापासून खरं वाटत असतं. तो खोटं बोलत नाही, त्यामुळे खोटं पकडणारे प्रश्न घालूनही उपयोग नाही. त्याचा भूतकाळच आजारानं रंगवलेला असतो. आणि आपण मात्र फाइलवर 'व्यक्तिमत्त्व विकार' लिहून मोकळे होतो. ती फाइल पुढच्या डॉक्टरकडे जाते, मग "याचा स्वभावच तसा" म्हणून उपचारातला जोर निम्मा होतो. हे मी बघितलेलं आहे.

सगळेच गुण उतरतात असं नाही. बरं झाल्यावरही ज्यांची अस्थिरता वरच राहते, त्यांना नैराश्याचा धोका अधिक असतो. म्हणून व्यक्तिमत्त्वाची चाचणी टाकून देऊ नका, रुग्ण बरा होईपर्यंत पुढे ढकला.

तोवर नातेवाइकांना विचारा. आपल्याकडे ते बहुधा बाहेर बाकावर बसलेलेच असतात. पण "स्वभाव कसा आहे?" असं विचारलंत तर "चांगला आहे, पण तापट" एवढंच मिळेल. गणपतीत वर्गणी मागायला पुढे असायचा का, नवी नोकरी लागली तेव्हा पहिले महिने कसे गेले, बहिणीच्या लग्नात काय काय केलं, असं विचारा. आईला वेगळं विचारा, बायकोला वेगळं. आईनं मुलाला पंचवीस वर्षं पाहिलंय, बायकोनं कदाचित आजारी नवराच पाहिलाय. दोघींचं जुळलं नाही तर मधलं काहीतरी लिहू नका, दोन्ही लिहा, कोण काय म्हणालं तेही.