ठासणीची बंदूक

[दृश्य: धुकं, जांबोटीचा रस्ता, मग भाताचं खाचर]

बेळगावातून चोर्ला घाटाकडे निघालं की जांबोटीच्या पुढे रान रस्त्याला येऊन भिडतं. इथून पुढे मलप्रभेच्या उगमाचं कणकुंबी, आणि खाली २०११ साली जाहीर झालेलं भीमगड अभयारण्य. हा कर्नाटकातला खानापूर तालुका.

हे खाचर काल संध्याकाळपर्यंत उभं होतं. लोंब्या चावून थुंकल्यात, बांध नाकाडाने उकरलाय. म्हणजे रानडुक्कर. गवा आला असता तर बांध राहिला असता, पीक आडवं झालं असतं.

[दृश्य: अंगण, पोत्यात गुंडाळलेली बंदूक]

ही ठासणीची बंदूक. या घरातल्या आजोबांच्या वडिलांपासून आहे. खंडेनवमीला कोयता, पारय, विळा यांच्याबरोबर हिलाही हळद-कुंकू लागतं. दस्त्याला तेल चोळून चोळून लाकूड काळं पडलंय.

ती भरायची कशी, ते सलगच पाहा. आम्ही हे दृश्य कापलेलं नाही.

आधी नळी उभी धरायची. मापाने दारू ओतायची. माप म्हणजे बांबूचं एक पेर. त्यावर काथ्याचा बोळा. मग गज घालून ठासायचं, हाताला गज उसळतोय असं वाटेपर्यंत. मग छर्रे. पुन्हा बोळा, पुन्हा ठासणं. शेवटी मागे केप बसवायची आणि घोडा ओढायचा. सरावलेल्या हातालाही या सगळ्याला मिनिट लागतं. दारू दमट असेल तर नुसता ‘फुस्स’. आणि बार उडाला, तरी दुसरा भरेपर्यंत डुक्कर पलीकडच्या शिवारात.

[दृश्य: नळीच्या तोंडाचा क्लोजअप]

या नळीत आत बघा. गुळगुळीत आहे. रायफलीच्या नळीत आतून पीळ काढलेले असतात. त्यामुळे गोळी गिरकी घेत सुटते आणि सरळ जाते. ठासणीचा छर्रा चाळीस-पन्नास पावलांनंतर पांगतो, त्याचा जोर ओसरतो. मोठ्या रायफलीची गोळी दीड-दोन किलोमीटरवरही माणसाचा जीव घेऊ शकते. या शिवारापासून दीड किलोमीटरच्या आत शाळा आहे, देऊळ आहे, बसथांबा आहे.

मोठ्या रायफली खाजगी हातात असाव्यात की नाही, यावर वाद झडतात. तो वाद आम्हाला फुकटचा वाटत नाही. पण त्या वादाच्या धुरळ्यात ही बंदूक हरवते, आणि आम्ही कॅमेरा घेऊन आलो ते तिच्यासाठी.

[दृश्य: जुने नकाशे, हलगलीचा रस्ता]

हत्यार आणि सरकार यांचं या मुलखातलं भांडण जुनं आहे. १८५७ साली इंग्रजांनी हत्यारं जमा करायचा कायदा आणला. तेव्हाच्या मुधोळ संस्थानातल्या हलगलीच्या बेडरांनी नकार दिला. शिकार हेच पोट असलेल्या माणसाने हत्यार द्यायचं म्हणजे काय, हे त्यांना कळेना. फौज आली, गाव जाळलं, पुढाऱ्यांना फाशी दिली. कानडी लावण्यांमध्ये ती लढाई अजून गायली जाते. पुढे १८७८ चा शस्त्र कायदा आला. कर्नाटकातल्याच कोडगूच्या (कूर्गच्या) कोडव समाजाला मात्र इंग्रजांनी सूट दिली, आणि ती आजही चालू आहे: एक रायफल, एक साधी बंदूक, परवान्याशिवाय. २०१९ मध्ये केंद्राने ही सूट २०२९ पर्यंत वाढवली. राज्य एकच, सह्याद्री तोच, डुकरंही तीच.

[दृश्य: काचेमागे मांडलेल्या रायफली]

स्वतंत्र भारताचा कायदा १९५९ चा. .३०३ आणि ७.६२ मिलिमीटर या लष्करी मापाच्या रायफली सामान्य माणसाला बंद. म्हणून इथे .३१५ मापाची रायफल चालली, लष्कराचं काडतूस तिच्यात बसत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडे तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवली आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षं केली. हे सगळं योग्यच.

पण त्याच कायद्याचं तेरावं कलम वाचा. पिकाच्या राखणीसाठी खरोखर लागणारी ठासणीची बंदूक तिथे वेगळी काढलेली आहे. रायफल मागणाऱ्याला सबळ कारण दाखवावं लागतं. या बंदुकीला कायदा स्वतःच कारण देतो. साठहून अधिक वर्षांपूर्वी कुणीतरी एवढा शेतकऱ्याचा विचार करून ते लिहिलं.

[दृश्य: फायलींचे गठ्ठे, रांग, हातातली पिशवी]

रांग मात्र एकच. पुढे बंगल्याच्या राखणीला रिव्हॉल्व्हर मागणारा, मागे आजोबा. अर्ज, फोटो, सात-बाराच्या जागी इथला ‘आर.टी.सी.’ उतारा, पोलिसांचा अहवाल, नूतनीकरण. कागद कानडीत. आजोबा नातवाला बरोबर आणतात, कारण नातू कानडी शाळेत शिकला. खानापुरात यावर वेगळी फिल्म होईल.

आणि परवाना म्हणजे शिकारीची मोकळीक नव्हे. वन्यजीव कायदा १९७२ चा आहे, गवा त्याच्या पहिल्या अनुसूचीत येतो. बहुतेक बार हवेतच उडतात. जंगलाकाठी अंधारात सावज समजून माणसालाच छर्रे लागल्याच्या घटनाही घडतात, चोरटी शिकारही होते; ते नाकारता येत नाही.

[दृश्य: पोलीस ठाण्याचा दरवाजा. बंदुकीला सुतळीने बांधलेली चिठ्ठी]

निवडणूक लागली की हत्यारं जमा करायची नोटीस येते. २०२३ ला विधानसभा, २०२४ ला लोकसभा. नोटीस आली की आजोबा पोत्यात बंदूक गुंडाळतात, एसटीने ठाण्यात नेतात, पावती घेतात. पावती ते टोपीच्या घडीत ठेवतात.

[दृश्य: रात्र. शेतातला राखणीचा माळा. कंदील]

आज बंदूक ठाण्यात आहे. माळ्यावर रॉकेलचा रिकामा डबा, एक दांडकं.

[निवेदन थांबतं. डब्याचा आवाज. पलीकडच्या शिवारातून दुसऱ्या डब्याचा.]