घनफळ नाही हो, पृष्ठफळ! (कृष्णविवराची एन्ट्रॉपी)

नमस्कार मंडळी! तुम्ही विचारून विचारून पिच्छा पुरवलात: "कृष्णविवरात सगळं गडप होतं, मग एन्ट्रॉपी कमी नाही का होत?" (एन्ट्रॉपी म्हणजे अव्यवस्थेचं माप, किंवा वस्तूत दडलेली, आपल्याला न दिसणारी माहिती. विश्वातली एकूण एन्ट्रॉपी कमी होत नाही, असा नियम आहे. म्हणून हा प्रश्न.)

हीच गुगली प्रिन्स्टनमध्ये भौतिकशास्त्रज्ञ जॉन व्हीलरांनी आपला विद्यार्थी जेकब बेकेनस्टाइनला टाकली होती. गरम चहात गार चहा ओतला, एन्ट्रॉपी वाढली. आता तो कप कृष्णविवरात फेकला तर पुरावाच गायब! बेकेनस्टाइनचं उत्तर, 1972 सालचं: कृष्णविवरालाच एन्ट्रॉपी असते, आणि ती क्षितिजाच्या (म्हणजे जिथून आत गेलेलं काहीच, अगदी प्रकाशही, परत येत नाही त्या सीमेच्या) पृष्ठफळाच्या प्रमाणात. भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंगना हे अजिबात पटलं नव्हतं. मग 1974 मध्ये कृष्णविवरं उष्णता उत्सर्जित करतात (हेच हॉकिंग उत्सर्जन) हे त्यांनीच दाखवलं. उष्णता आहे म्हणजे तापमान आहे, आणि तापमान आहे म्हणजे एन्ट्रॉपीही आली! असो.

एन्ट्रॉपी, क्षितिज, एवढं कळलं, पुढे जाऊ. कारण खरी गडबड इथे आहे. कॉमेंटमध्ये जो तो "आत केवढी जागा असेल" यातच अडकलेला. अहो, आतलं सोडा! पृष्ठफळ बघा.

वस्तुमान दुप्पट केलं की क्षितिजाची त्रिज्या दुप्पट. एन्ट्रॉपी? घनफळ धरून आठपट म्हणालात ना? चौपट! पृष्ठफळ त्रिज्येच्या वर्गाने वाढतं.

नाही पटत? 2015 मध्ये लायगोने (गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेने) पकडलेली टक्कर घ्या. साधारण 36 आणि 29 सूर्यांएवढी दोन कृष्णविवरं, मिळून झालं 62. तीन सूर्य गुरुत्वीय लहरींत उडाले, म्हणजे वस्तुमान घटलं. आता वस्तुमानांचे वर्ग करा, कारण पृष्ठफळ त्यांच्याच प्रमाणात. आधी 1296 अधिक 841, म्हणजे 2137. नंतर 3844. पृष्ठफळ वाढलंच! (स्पिनवाले, म्हणजे कृष्णविवराचं स्वतःभोवती फिरणं काढणारे, थांबा, टाइप करू नका. स्पिन धरला तर वाढ थोडी कमी होते, पण वाढच राहते.)

अजून एकदा, उलट्या बाजूने. एका गोलात हार्ड डिस्क कोंबत चला. कोंबता कोंबता एक वेळ अशी येते की त्याचं कृष्णविवरच होतं. म्हणजे त्यात जास्तीत जास्त किती माहिती मावेल ते ठरवलं कोणी? गोलाच्या पृष्ठफळाने. घनफळाला कोणी विचारलंच नाही! माझं ऐकून भांडायला येणाऱ्यांनी आधी हे कागदावर मांडा.

आणि ते "हॉकिंग उत्सर्जनाने कृष्णविवरं आत्ता विरघळतायत" वाले रील्स फॉरवर्ड करणं बंद करा, प्लीज. सूर्याएवढ्या कृष्णविवराचं तापमान एका केल्विनच्या दीड कोटीव्या भागाहूनही कमी. भोवतीचं विश्व 2.7 केल्विनवर. म्हणजे ते देतंय कमी, घेतंय जास्त. आणि जितकं घेईल तितकं आणखी गार होईल. हो, गार. टायपो नाहीये.